गावच्या घराला रोख मदत दिली तर नेमकं काय बदलतं?

प्रश्न असा आहे: दापोली तालुक्यातल्या एका वाडीचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. दर गणपतीत मंडळ गावातल्या गरजू घरांना धान्याचं किट, ब्लँकेट आणि वह्या देतं. यंदा काही सभासद म्हणतात, वस्तू नकोत, घरामागे पाच हजार थेट खात्यात टाकू. काहींना भीती वाटते की पैसे दारूत जातील आणि माणसं कामाला जायची बंद होतील. शिवाय सरकारचे पैसे येतातच, मग आपल्याने काय फरक पडणार?

रोख द्या, पण गणपतीत देऊ नका.

रत्नागिरी-रायगडच्या खाडीपट्ट्यात बचत गटांचे हिशेब, निराधारांचे अर्ज आणि बँकेच्या चकरा हेच माझं काम. त्यामुळे कोणत्या महिन्यात घरात पैसा असतो आणि कोणत्या महिन्यात नसतो, हे आता पाठ झालंय. गणपतीत असतो. मुंबईहून माणसं येतात, येताना चार पैसे आणतात आणि ते त्याच दिवसांत खर्च होतात. त्या गर्दीत तुमचे पाच हजार आले तर मखराला, भजनाच्या चहापाण्याला, पाहुण्यांच्या जेवणाला लागतील. ते वाया गेले असं मी म्हणणार नाही, सणाला हात मोकळा असावा असं गरिबालाही वाटतं. पण घर होतं तिथेच राहील.

घर अडतं ते मे ते ऑगस्टमध्ये. आंबा-काजूची मजुरी मेअखेर संपते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे बोटीवरचे खलाशी घरी. जुलैत लावणीची मजुरी मिळते, तीही तीन-चार आठवडे. आणि नेमकी याच्या आधी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची असते. मिरची-मसाला, कांदे, सुकट, बोंबील, मीठ, लाकूडफाटा. घर शाकारायचं असतं, पडवीला प्लास्टिक बांधायचं असतं, आणि जूनच्या मध्याला शाळा सुरू झाली की छत्री, वह्या, गणवेश. हे सगळे खर्च अशा वेळी येतात जेव्हा पुढचे दोन महिने कमाईच नसते.

मग काय होतं? वाडीतल्या दुकानात वही चालू होते. हा दुकानदार व्याज लावत नाही, हे सगळे कौतुकाने सांगतात आणि ते खरंही आहे. पण उधारीवर घेणारा माणूस भाव विचारत नाही. पावशेर तेल, दोन कांदे, दहा रुपयांची चहा पावडर असं सुट्टं घेत गेलं की तोच माल तालुक्याच्या बाजारापेक्षा महाग पडतो. त्यात ज्याची वही मोठी झाली त्याला ती फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच बाईच्या हातात तीन-चार हजार असले तर ती बाजाराच्या दिवशी एसटीने जाऊन वर्षाची मिरची किलोवर घेते, सुकट ओळखीच्या कोळणीकडून भाव करून घेते आणि जुलैत दुकानात जाते ती फक्त मीठ-माचिससाठी. मदतीच्या रकमेइतकंच महत्त्व तिच्या तारखेला आहे, असं मी सारखं म्हणतो ते यामुळे.

आता किटचं बघा. अन्न सुरक्षेच्या यादीत असलेल्या घराला रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर घराला 35 किलो, आणि 2023 पासून ते मोफत आहे. तुमच्या किटमध्ये पुन्हा तांदूळच असतो. त्या घराला हवं असतं तेल, डाळ, मसाला, मुलीचे बूट किंवा सासूची बीपीची गोळी. ते तुम्हाला मुंबईत बसून ठरवता येणार नाही, आणि कोणत्या घरात काय कमी आहे हे चारचौघांत विचारूही नये.

याचा अर्थ रेशन बंद करून पैसे द्यावेत असा मात्र कोणी काढू नये. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये देणं सुरू झालं. त्या पैशात पाच किलो बरा तांदूळ बाजारात मिळत नाही. कोकणातल्या डोंगरकपारीच्या वाडीत तर त्यातले निम्मे एसटीलाच जातील. धान्य चालू ठेवून वर रोख, असं असेल तरच मी रोखीच्या बाजूने.

रक्कम दरमहा द्यावी की एकदम, यावर तुमच्या मंडळात वाद होणार. दोन्हींचा परिणाम वेगळा असतो, आणि हे नुसतं माझं मत नाही. केनियात गिव्हडायरेक्टली ही संस्था गरीब घरांना मोबाइलवर थेट पैसे पाठवते. अभ्यासकांनी तिथे काही घरांना महिन्याच्या हप्त्याने आणि काहींना एकरकमी पैसे दिले. कोणाला कसे, हे सोडतीने ठरवलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं की हप्त्याने पैसे मिळालेल्या घरांत खाण्याची ददात जास्त कमी झाली, तर एकरकमी मिळालेल्यांचा कल टिकाऊ वस्तू घेण्याकडे होता. छपराचं गवत काढून पत्रा घालणारे पुष्कळ निघाले, कारण गवत पुन:पुन्हा बदलावं लागतं आणि तो खर्च कधी संपत नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपली कौलं आठवली. माकडांच्या टोळ्या छपरावर नाचतात, दरवर्षी कौलं फुटतात, दरवर्षी शाकारणीचा खर्च. ज्या घराला एकदाच मोठी रक्कम मिळते ते घर हमखास पत्र्यावर जातं. मुंबईकरांना ते कुरूप दिसतं, "कौलारू घराची शोभा गेली" म्हणून हळहळतात. शाकारणीचा खर्च त्यांना भरायचा नसतो.

कोकणात एकरकमी मदतीचा सगळ्यात मोठा अनुभव वादळाचा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोलीच्या वाड्या झोपल्या. सरकारने बागायतीसाठी मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण आपल्या नारळ-सुपारीच्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला 500. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. आडव्या पडलेल्या पोफळी तोडून बाहेर काढायच्या मजुरीलाही ते पुरत नाहीत, आणि नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे घराचं नुकसान सहा-सात वर्षांचं आणि मदत एका पावसाळ्याची. त्यात सातबारा सामाईक, त्यावर आजोबा-पणजोबांच्या वारसांची नावं, निम्मे वारस बोरिवली-डोंबिवलीत. प्रत्येकाची संमती आणि खाते क्रमांक गोळा करता करता कित्येकांनी नाद सोडला. घराच्या दीड लाखाने मात्र काही ठिकाणी खरंच फरक पडला. मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याच्या आल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यावरून गेलं तेव्हा अशा घरांतली माणसं त्या रात्री कुठे निवारा शोधत फिरली नाहीत.

आता ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांच्याकडे येतो, कारण रोख पैशाने आयुष्य सर्वांत जास्त कोणाचं बदलू शकतं असं मला विचाराल तर मी कातकरी आदिवासींच्या वाडीकडे बोट दाखवीन. श्रावण-भाद्रपदात काम नसतं, घरात दाणा नसतो. तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा मुकादम येतो आणि जोडप्यामागे उचल देऊन जातो. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब मुलांसकट भट्टीवर, पाऊस तोंडावर आला की परत. हिशेबाच्या वेळी उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. वेठबिगारीविरोधी कायदा 1976 सालचा आहे. उचल आजही चालू आहे. ही बांधणी तोडायला फार मोठी रक्कम लागत नाही, लागते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या दोन महिन्यांत चूल पेटती राहिली तर माणूस मुकादमाला "बघू" म्हणू शकतो, दुसऱ्या भट्टीचा दर विचारू शकतो, किंवा नवरा एकटा जातो आणि बायको-मुलं गावात राहतात, म्हणजे मुलांची शाळा टिकते. तुमच्या यादीत कातकऱ्यांची घरं नसतील, बहुतेक मंडळांच्या नसतात, कारण यादी भावकीतून होते. ती घरं आधी घाला. गणपतीच्या दिवसांत रोख द्यायचीच असेल तर ती फक्त तिथे द्या.

दारूचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाराच संध्याकाळी बसणारा असतो. दारूवर पैसे जातात, नाही असं नाही. पण जो पितो तो मजुरीतून पितो, उधारीवर पितो, मदत येण्याआधीही पीत होता. देशोदेशींचे अभ्यास एकत्र करून वर्ल्ड बँकेच्या दोन अभ्यासकांनी पाहिलं, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूचा खर्च वाढल्याचं सरसकट कुठेच दिसलं नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात 2011-12 मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत सगळ्यांनाच बिनशर्त पैसे दिले, मोठ्या माणसाला महिना 200, नंतर 300 रुपये आणि मुलांना त्याच्या निम्मे. तिथेही दारू वाढली नाही. लोक आळशी झाले नाहीत, उलट मजुरी सोडून स्वतःच्या शेतात आणि छोट्या धंद्यात जास्त राबू लागले. माझं निरीक्षण इतकंच, की पैसा बाईच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला आणि थोडाथोडा आला तर तो गुत्त्यापर्यंत पोचायला वाटच राहत नाही. पुरुषाच्या हातात अचानक आलेली थप्पी मात्र मलाही काळजीची वाटते.

कामाला माणसं मिळत नाहीत, ही बागायतदारांची तक्रार मी ऐकतो. ती खरी आहे आणि योजनांच्या आधीपासूनची आहे, पोरं मुंबई-पुण्याला गेली म्हणून. लाडक्या बहिणीचे महिन्याचे 1500 रुपये पाच माणसांच्या घरात वाटले तर माणशी दिवसाला दहा रुपये होतात. दहा रुपयांवर कोणी घरी बसत नाही. फार तर बाई तापात लावणीला जात नाही, किंवा कमी मजुरी सांगणाऱ्याला नाही म्हणते. याला कोणी आळस म्हणत असेल तर म्हणू दे.

सरकारी पैशांबद्दल. कल्पनेतलं एक घर घेऊ. नवऱ्याच्या नावावर थोडी जमीन आहे, तर पीएम किसानचे 6000 आणि राज्याच्या नमो सन्मानचे 6000, वर्षाला 12 हजार. बायकोला 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडक्या बहिणीचे महिना 1500. सासूला श्रावणबाळचे, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे, महिना 1500. बेरीज वर्षाला 48 हजार, आणि कोकणातल्या दहा-वीस गुंठ्यांच्या भातशेतीतून एवढे कधीच सुटत नाहीत. पण ही बेरीज कागदावरची. जमीन बायकोच्या नावावर असली आणि शेतकऱ्याचे पैसे तिला येत असले तर लाडक्या बहिणीचे 1500 न येता 500 येतात. श्रावणबाळला उत्पन्नाचा दाखला 21 हजारांच्या आतला लागत आला आहे, मग सुनेचे 18 हजार आणि मुलाचे 12 हजार धरले तर सासू बाद व्हायला हवी; तलाठ्यापासून सगळ्यांना ते माहीत असतं आणि सगळे गप्प असतात. ज्या घराला जमीन नाही, म्हातारं माणूस नाही आणि बाईचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं आहे, त्या घराची बेरीज शून्य. तुमची मदत जायला हवी ती तिथे.

सरकारी पैशांनी घरातली एक गोष्ट निश्चित बदलली आहे, ती म्हणजे बाईचं बँकेत जाणं. कोकणात पुरुष मुंबईला असल्यामुळे घरखर्च बाईच बघायची, पण पैसा मनीऑर्डरने किंवा दिराच्या हातून यायचा आणि त्याचा हिशेब द्यावा लागायचा. हा पैसा तिच्या नावावर येतो. भिशीत भरते, बचत गटाचा हप्ता भरते, माहेरी जाताना कोणाला न विचारता पिशवी भरून नेते. सासऱ्यांना हे बोचतं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईचे काही मुलगे आता कमी पाठवतात. "आये, तुला सरकारचे येतात ना" हे फोनवरचं वाक्य मला अनेक म्हाताऱ्यांनी ऐकवलं आहे. आणि मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यांना पैसे जमा व्हायची तारीख बाईच्या आधी कळते, त्यामुळे खूप घरांत आलेला पैसा त्याच दिवशी कर्जाच्या हप्त्याला जातो. अशा घरात तुमच्या पाच हजारांनी कोणाचं पोट भरलेलं दिसणार नाही, एक हप्ता चुकायचा टळेल. तेही थोडं नाही, पण अपेक्षा तेवढीच ठेवा.

रोख पैशाने काय बदलत नाही, ते थोडक्यात. पैसे दिले म्हणून वाडीवर एसटी येत नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर येत नाही, सातबारावरची नावं फुटत नाहीत, रानडुकरं भात खायचं सोडत नाहीत. लावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप आला आणि खाजगी दवाखान्यात चार दिवस काढावे लागले की दोन वर्षांची मदत एका बिलात संपते. केनियातल्याच 2022 च्या आणखी एका अभ्यासात दिलेल्या प्रत्येक रुपयामागे परिसरात सुमारे अडीच रुपयांची उलाढाल वाढलेली दिसली आणि भाव फारसे चढले नाहीत. आपल्याकडे तेवढं होईल असं मला वाटत नाही. वाडीत आलेला पैसा तालुक्याच्या बाजारात जातो, आणि तिथली भाजी कोल्हापूरहून चढलेली असते.

मंडळाने करायचं काय, तर माझ्या मते हे. वर्षाची रक्कम दोन भागांत करा, मोठा भाग मेच्या पहिल्या आठवड्यात आणि छोटा जुलैच्या मध्यावर. त्या तारखा एकदा सांगितल्या की पुढे-मागे करू नका. पैसे नक्की येणार म्हटल्यावर दुकानदार आणि सावकाराशी बोलणं बदलतं, येतील का न येतील असं असलं की कोणीच त्यावर विसंबत नाही. खातं बाईचं असावं आणि त्याला जोडलेला मोबाइल तिच्याजवळ असावा, मुलाच्या खिशातला नको. यादी भावकीने करू नये. वाडी छोटी असेल तर सगळ्याच घरांना द्या, रक्कम कमी झाली तरी चालेल, कारण पंधरा घरांच्या वाडीत सात घरं निवडली तर उरलेली आठ घरं पालखीच्या वेळी ते काढल्याशिवाय राहणार नाहीत. पैसे कुठे खर्च केले याची पावती मागू नका. मंचावर बोलावून पाकीट, हार, फोटो, ग्रुपवर नावं, हे सगळं बंद करा. तुमच्या वहीत ठराव आणि खात्याचा उतारा असला की हिशेबाला पुरतं.

एखादं होतकरू घर असेल, शेळ्या घेऊ पाहणारं किंवा चार कलमं स्वतः राखू पाहणारं, तर त्याला वेगळी एकरकमी मदत द्या आणि ती डिसेंबरच्या आत द्या. मोहोराच्या सुमाराला फवारणीसाठी वाशीच्या दलालाकडून आगाऊ पैसे घेतले की आंबा त्याच्याच गाळ्यावर जातो आणि भाव तोच लावतो. फवारणीचे पैसे स्वतःचे असले तर पेटी कोणाला द्यायची हे मालक ठरवतो.

खाती तपासायचं काम मात्र मेवर ठेवू नका. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय झालेलं असतं, कुठे केवायसी राहिलेलं असतं. काजू सोलणाऱ्या बायकांचे ठसे चिकाने गेलेले असतात, त्यामुळे गावातल्या मशीनवर अंगठा लागत नाही आणि पैसे खात्यात असून हातात येत नाहीत. शिमग्याला गावी जाल तेव्हा प्रत्येक खात्यात शंभर रुपये टाका आणि ते काढता आले का, हे त्या बाईलाच विचारा, तिच्या मुलाला नको. ज्यांना काढता आले नाहीत त्यांना बँकेत न्यायला एप्रिल मोकळा राहील.